पडलेला तट

आजचं वाचन : नीतिसूत्रे १२:१ आणि २५:२८, करिंथकरांस पहिले पत्र ९:२४-२७, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, तीताला पत्र २:११-१२



आपल्यापैकी बरेच जण नीतिसूत्रे रोज एक अध्याय असं वाचतात. ३१ अध्याय, महिन्याचे ३१ दिवस, हिशोब सोपा. त्यामुळे दर महिन्याच्या १२ तारखेला बारावा अध्याय समोर येतो आणि त्याचं पहिलंच वचन मला टोचतं. गेल्या वर्षी मी दोनदा हे वचन टाळून त्याच अध्यायातल्या दुसऱ्याच वचनावर मनन लिहिलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नसेल, पण मला माहीत होतं. आज टाळत नाही.

वचनाचा आशय असा आहे : ज्याला शिस्त लावून घेणं आवडतं त्यालाच खरं तर ज्ञान आवडतं; आणि चूक दाखवलेली ज्याला खपत नाही, तो गुराढोरांसारखा आहे. हो, शब्द इतकाच कडक आहे. मूळ इब्री शब्दातच जनावराचा अर्थ आहे. ज्याला समज नाही, फक्त भूक कळते, असा.

आता मी त्या वर्णनात कसा बसलो ते सांगतो, आणि मग वचनाकडे येतो.

माझी गोष्ट

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय ३४. शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळीच्या तरुण संघात बायबल अभ्यास घेतो. आई गावी असते. बाबा गेल्यापासून तिच्या पैशांचं सगळं मीच बघतो.

साधारण दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या काही मित्रांमुळे मी ऑप्शन ट्रेडिंग सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात ११ हजार रुपये सुटले. मी त्याचा दशांशही दिला! तेव्हा मला वाटलं होतं की प्रभूने नवं दार उघडलं.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे नियम आधी ठरवले. एक्सेलमध्ये लिहून ठेवलं : दिवसाला तीन हजारांपेक्षा जास्त तोटा झाला की ॲप बंद. नवव्या दिवशी तीन हजार गेले आणि मी ॲप बंद केलं नाही. 'आजचा दिवस वेगळा आहे' असं स्वतःला सांगितलं. त्यानंतर बहुतेक सगळेच दिवस वेगळे निघाले.

सात महिन्यांत चार लाख साठ हजार रुपये गेले. त्यातले अडीच लाख माझे नव्हते. ते आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एफडीत ठेवले होते. एफडी माझ्या नावावर होती, मोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. आणि हे चालू असताना मी दर शनिवारी तरुणांना वचन शिकवत होतो.

त्याच दिवसांत मंडळीतल्या एका काकांनी मला उपासनेनंतर थांबवलं. बँकेतून रिटायर झालेले, कमी बोलणारे. म्हणाले, "बाळ, तू शिकवतोस चांगलं. पण गेले दोन-तीन महिने तुझ्या प्रत्येक उदाहरणात पैसाच येतो रे. काही अडचण आहे का?"

किती बारीक लक्ष होतं बघा. आणि किती प्रेमाने विचारलं होतं. मी काय उत्तर दिलं? "काका, तुमच्या वेळेचं सगळं वेगळं होतं. एफडीच्या पुढे जग आहे." तेही चार लोकांसमोर, हसत हसत. ते काही बोलले नाहीत. पुढचे तीन रविवार मी उपासना घरी बसून ऑनलाइन बघितली.

नीतिसूत्रे १२:१ मध्ये जो माणूस आहे तो मीच. चूक दाखवणारा समोर होता, आणि मला फक्त भूक कळत होती.

एका शब्दात तीन अर्थ

या वचनात 'शिस्त' किंवा 'शिक्षण' यासाठी जो इब्री शब्द आला आहे तो आहे 'मूसार'. नीतिसूत्रांच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या अध्यायात ग्रंथाचा उद्देश सांगितला आहे तिथेही हाच शब्द येतो. मराठीत याला एक शब्द नाही. कुठे बोध, कुठे शिक्षण, कुठे शिस्त, कुठे शासन असं भाषांतर करावं लागतं. कारण मूसारमध्ये हे सगळं एकत्र आहे : सांगणं, वळण लावणं आणि चुकल्यावर दुरुस्त करणं.

आपण मात्र हे वेगळं करतो. 'सांगणं' आपल्याला आवडतं. पॉडकास्ट ऐकतो, रील्सवर छोटे संदेश बघतो, चांगलं वाक्य दिसलं की स्टेटसला टाकतो. दुरुस्ती मात्र नको असते. आणि मग आपल्याला वाटतं की आपण खूप शिकतोय.

माझंच बघा. मला माहिती कमी नव्हती. सेबीने जानेवारी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता : २०२१-२२ या आर्थिक वर्षात शेअर्सच्या एफ अँड ओ व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ८९ टक्के लोक तोट्यात होते. तो मी वाचला होता. वाचून मनात काय आलं? 'म्हणजे ११ टक्के फायद्यात आहेत, आणि मी अभ्यास करून करतोय.' सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा पुढचा अभ्यास आला. त्यात तीन वर्षांचा मिळून तोट्यातल्यांचा आकडा ९३ टक्के निघाला. बातमी माझ्याकडे होती, आकडा माझ्याकडे होता. मूसार माझ्याकडे नव्हतं. माहिती डोक्यात शिरते. मूसार हाताला अडवतं.

म्हणून वचन म्हणतं की ज्याला शिस्त आवडते त्यालाच ज्ञान आवडतं. ज्याला फक्त ऐकायला आवडतं त्याला अजून ज्ञान आवडत नाही, त्याला आवाज आवडतो.

तट नसलेलं नगर

दुसरं वचन २५:२८. ज्याचा स्वतःच्या मनावर ताबा नाही तो तट पडलेल्या नगरासारखा आहे, असं तिथे म्हटलं आहे.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. पंचविसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात लिहिलं आहे की पुढची नीतिसूत्रे यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली. आणि हिज्कीयाच्या काळात तट हा कवितेचा विषय नव्हता, जिवाचा प्रश्न होता. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. दुसऱ्या इतिहासाच्या ३२व्या अध्यायात आपण वाचतो की हिज्कीयाने हिंमत धरून यरुशलेमचा जिथे जिथे तट पडला होता तिथे तो बांधून काढला आणि बाहेरून आणखी एक तट उभारला.

यरुशलेमच्या जुन्या शहरात १९७० च्या दशकात उत्खननात एक भिंत सापडली. तिची जाडी सुमारे सात मीटर आहे आणि ती हिज्कीयाच्या काळातली मानली जाते. सात मीटर म्हणजे आपल्याकडच्या वन बीएचके फ्लॅटचे हॉल आणि बेडरूम एकापुढे एक ठेवले तर जवळपास तेवढी.

आणि यशया २२:१० मध्ये एक तपशील आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तट मजबूत करण्यासाठी लोकांनी घरं मोजली आणि काही घरं पाडली. म्हणजे ज्या घरांत कोणीतरी राहत होतं, चुली पेटत होत्या, ती घरं पाडून दगड तटाला लावले. (त्याच ठिकाणी संदेष्टा हेही सुनावतो की तुम्ही तट बघितला पण ज्याने हे सगळं फार पूर्वी योजलं त्याच्याकडे बघितलं नाही. या मुद्द्याकडे शेवटी येऊ.)

मित्रांनो, संयम असा बांधला जातो. तट बांधायचा तर काहीतरी पाडावं लागतं. 'मी ॲप ठेवतो पण वापरणार नाही', 'त्या व्यक्तीचा नंबर ठेवतो पण रात्री मेसेज करणार नाही', 'फोन उशाशी ठेवतो पण बघणार नाही' हे सगळं म्हणजे घर न पाडता तट बांधण्याची इच्छा. माझं एक्सेलमधलं तीन हजारांचं बंधन असंच होतं. कागदावर तट आणि वेशीवर कोणीच नाही.

आणखी एक. तट एका दिवसात पडत नाही. आधी एक दगड निखळतो. सकाळचं वाचन पाच मिनिटांवर येतं, मग 'प्रवासात ऐकतो' होतं, मग सुटतं. ट्रेडिंग सुरू करण्याच्या चार महिने आधीपासून माझी सकाळची प्रार्थना बंद होती. मी दोन्हींचा संबंध तेव्हा लावला नव्हता.

करिंथचा खेळाडू

पौलाने हा विषय करिंथकरांना लिहिला तेव्हा उदाहरण शर्यतीचं घेतलं, आणि ते करिंथकरांना लगेच कळणारं होतं. करिंथजवळ इस्थमिया इथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, कधी देवदाराच्या जातीच्या झाडाच्या पानांचा, कधी चक्क सुकलेल्या सेलरीचा. म्हणून पौल म्हणतो की ते नाशवंत मुकुटासाठी एवढं करतात, तर आपण अविनाशी मुकुटासाठी काय करायला हवं.

'एवढं' म्हणजे किती? ऑलिंपियाच्या खेळांबद्दल पौसानियास नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलं आहे : खेळाडूंना शपथ घ्यावी लागे की आपण सलग दहा महिने सरावाचे नियम काटेकोरपणे पाळले आहेत. दहा महिने! जो धावण्याच्या दिवशी जोशात येतो तो खेळाडू नव्हे. ज्याचे आधीचे दहा महिने खरे आहेत तो खेळाडू.

पण पौलाचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त हलवतं. तो म्हणतो की मी माझ्या शरीराला दास करून ठेवतो, नाहीतर दुसऱ्यांना घोषणा करून मीच बाद ठरायचो. हे पौल म्हणतोय! ज्याने मंडळ्या स्थापन केल्या त्याला ही भीती होती, आणि मला शनिवारी रात्री ती नव्हती. मी तरुण संघात 'विश्वासू कारभारी' या विषयावर ४० मिनिटं बोललो होतो, त्याच आठवड्यात आईची एफडी मोडली होती. मुलं नोट्स घेत होती.

तुमच्यापैकी जे संडे स्कूल घेतात, गायनात आहेत, तरुण संघात पुढे आहेत, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. सेवा चालू आहे म्हणजे तट उभा आहे असं नाही. वेस सजवलेली असते आणि मागची भिंत पडलेली असू शकते.

अपुल्लोला कोणी शिकवलं?

आता सुज्ञ शिक्षणाची दुसरी बाजू बघू : ते द्यावं कसं आणि घ्यावं कसं.

प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लो नावाचा माणूस भेटतो. आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रात निपुण, आवेशाने बोलणारा. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याचे सगळे व्हिडिओ आपण फॉरवर्ड केले असते. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.

इफिसच्या सभास्थानात त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी ऐकलं. हे नवराबायको तंबू बनवणारे. व्यासपीठावरचे लोक नव्हेत, हाताने काम करणारे. त्यांनी काय केलं?

एक, त्यांनी आधी पूर्ण ऐकलं.

दोन, त्यांनी भर सभेत त्याला अडवलं नाही. त्याला आपल्याकडे नेलं, बाजूला घेतलं.

तीन, त्यांनी त्याला मोडलं नाही. त्याला देवाचा मार्ग आणखी नीट समजावून सांगितला.

आणि अपुल्लोने काय केलं? तो तंबूवाल्यांकडून शिकला. लूकने त्याच्या रागाचा किंवा वादाचा एक शब्दही लिहिलेला नाही. पुढचं वाक्य थेट त्याच्या पुढच्या सेवेचं आहे : तो अखयाला जायला निघाला, बंधूंनी त्याला पत्र दिलं, आणि तिथे गेल्यावर त्याची विश्वासणाऱ्यांना फार मदत झाली. अखया म्हणजे ज्या प्रांतात करिंथ आहे तो. त्याच करिंथकरांना पौल पुढे लिहितो की मी लावलं, अपुल्लोने पाणी घातलं. विचार करा, त्या दिवशी अपुल्लो 'तुम्हाला काय कळतं' म्हणून निघून गेला असता, तर करिंथला पाणी कोणी घातलं असतं?

याच्या अगदी उलट रहबाम. पहिले राजे, अध्याय १२. शलमोनाचा मुलगा, नीतिसूत्रांच्या घरातच वाढलेला! लोकांनी येऊन ओझं हलकं कर म्हटलं. वडिलांच्या वेळच्या वृद्धांनी सांगितलं, लोकांशी चांगलं बोल. रहबामने तो सल्ला टाकला आणि आपल्या बरोबरीच्या, एकत्र वाढलेल्या दोस्तांना विचारलं. त्यांनी त्याला जे ऐकायचं होतं तेच मोठ्या आवाजात सांगितलं. दहा वंश गेले.

मीही तेच केलं. काकांचा एक प्रश्न टाकला आणि टेलिग्राम ग्रुपवरच्या १४ जणांचं ऐकलं, जे सगळे माझ्याच वयाचे आणि माझ्याच नादातले होते. कोणी तोटा सांगत नव्हता. सगळे फक्त फायद्याचे स्क्रीनशॉट टाकत होते.

गंमत म्हणजे ऑफिसात मी हे रोज करतो. माझा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान मुलगी त्यावर २० शेरे मारते आणि मी 'बरोबर आहे, थँक्स' लिहून दुरुस्त करतो. कारण न तपासलेला कोड रात्री दोन वाजता आपल्यालाच उठवतो हे मला माहीत आहे. मग न तपासलेलं आयुष्य काय करेल?

प्रत्येक सल्ला सुज्ञ नसतो

इथे थोडं थांबून एक सावधगिरीची सूचना. 'मोठ्यांचं ऐका' एवढाच या मननाचा अर्थ काढू नका. रहबामला चुकीचा सल्ला तरुणांनी दिला होता, पण ईयोबाला चुकीचा सल्ला त्याच्या मित्रांनी दिला, आणि त्यातले काही वयाने बरेच मोठे होते. वचनाच्या नावाने धाक घालणारे, तुमच्या पगाराचा, लग्नाचा, प्रत्येक निर्णयाचा ताबा मागणारे लोकही असतात.

याकोब ३:१७ मध्ये वरून येणाऱ्या ज्ञानाची ओळख दिली आहे. ते शुद्ध असतं, शांतिप्रिय, सौम्य, समजून घेणारं, दयेने भरलेलं, पक्षपात आणि ढोंग नसलेलं. सल्ला देणाऱ्याला या मापाने मोजा. काकांना त्या प्रश्नातून काहीही मिळणार नव्हतं. त्यांनी चारचौघांत नाही, बाजूला विचारलं. चारचौघांत मी बोललो.

त्या रात्री काय झालं

आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली. हॉस्पिटलने आगाऊ रक्कम भरायला सांगितली. माझ्याकडे ती नव्हती. मी आईला फोनवर सांगितलं की डॉक्टर बाहेरगावी आहेत, तारीख पुढे गेली. ती म्हणाली, "बरं बाळा, देवाची वेळ." ते ऐकून मला बसवेना.

रात्री ११ वाजता मी काकांना फोन केला. सात महिन्यांपूर्वी ज्यांना मी हसण्यावारी नेलं होतं त्यांनाच. त्यांनी बोलावून घेतलं. उपदेश केला नाही. कागद-पेन पुढे केलं आणि म्हणाले, "आधी आकडा लिही. पूर्ण." मी लिहिला. मग विचारलं, "घरी माहीत आहे?" मी नाही म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "मग मी हे ऐकणारा पहिला माणूस असायला नको होतो. आत्ता घरी जा, तिला सांग. उद्या दोघं मिळून या, मग पुढचं बघू."

याला मी सुज्ञ शिक्षण म्हणतो. त्यांनी मला सोडवलं नाही, जिथे जायला मी घाबरत होतो तिथेच परत पाठवलं.

बायकोला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काकांकडे आली, आणि बँकेचे सगळे पासवर्ड तिने बदलून स्वतःकडे घेतले. ट्रेडिंगचं खातं बंद केलं. फोन नुसता रिकामा केला नाही, खातंच बंद केलं. तरुण संघातून मी सहा महिने बाजूला झालो, आणि का ते पाळकांना सांगितलं. यातलं प्रत्येक घर पाडताना दुखलं.

आईला सांगायला गावी गेलो. तिने ऐकून घेतलं. "किती?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "जेवून जा." ऑपरेशन आठ महिने लांबलं. ते आठ महिने ती चर्चच्या पायऱ्या कठड्याला धरून आडवी आडवी उतरायची. ते मी बघितलं आहे, आणि ते मी विसरू नये अशीच माझी प्रार्थना आहे. आता तिचा गुडघा बरा आहे. माझं कर्ज अजून फिटायचं आहे.

मार्केट सकाळी सव्वानऊला उघडतं हे तिने कोणाला तरी विचारून घेतलं. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार बरोबर सव्वानऊला तिचा फोन येतो. स्तोत्रसंहितेतलं एक वचन वाचते, "ठेवते" म्हणते आणि ठेवते. माझ्या तटाचा तो एक दगड आहे.

कृपा शिकवते

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे नियम करा, खाती बंद करा, झालं! नाही. यशयाचा तो टोमणा आठवा : तट बघितला, देवाकडे बघितलं नाही.

जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा 'मूसार'साठी 'पायदेया' हा शब्द वापरला गेला. मुलाला वाढवणं, वळण लावणं असा त्याचा अर्थ. इब्री लोकांस पत्र १२ मध्ये बापाच्या शिस्तीबद्दल हाच शब्द आहे. आणि याच शब्दाचं क्रियापद तीताला पत्र २:१२ मध्ये आहे. तिथे शिकवणारं कोण आहे? नियमशास्त्र नव्हे. देवाची कृपा. जी कृपा तारण घेऊन प्रकट झाली तीच आपल्याला वळण लावते : अभक्ती सोडायला आणि संयमाने जगायला.

मी कृपेचा अर्थ 'जाऊ दे, चालतं' असा घेत होतो. पौल म्हणतो कृपा ही शिक्षिका आहे. ती आधी मिठीत घेते आणि मग हात धरून गिरवायला लावते. गलतीकरांस पत्र ५ मध्ये आत्म्याच्या फळाच्या यादीत सगळ्यात शेवटी इंद्रियदमन आहे. फळ म्हणजे झाडाने दात-ओठ खाऊन काढलेली वस्तू नव्हे. मुळाला पाणी मिळत असलं की ते लागतं. पण ज्याने झाड लावलंय तो कुंपण घालतोच ना?

आपल्या मराठी मंडळीला याचं उदाहरण केडगावलाच आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या नावाजलेल्या पंडित. तरी बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत यावं म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि उतारवयात, मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत, भाषांतर करत राहिल्या. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. 'पंडिता' पदवी मिळालेल्या बाईने पुन्हा विद्यार्थी होणं, हे मूसारवर प्रेम करणं आहे.

या आठवड्यासाठी

१. माझ्या तटाचा कोणता दगड आधी निखळला? पैसा, फोन, जीभ, झोप, नजर? आणि त्याच्या आधी काय सुटलं होतं?

२. तट बांधायला मला कोणतं 'घर' पाडावं लागेल? एकच लिहा, आणि आजच पाडा.

३. गेल्या वर्षभरात मला कोणी चूक दाखवली आणि मी त्यांना टाळलं? त्यांना या रविवारच्या आत फोन करा. लांबलचक खुलासा नको. 'तुम्ही बरोबर होता' एवढं पुरे.

४. माझ्या आयुष्यात प्रिस्किल्ला-अक्विला कोण आहेत? नसतील तर मंडळीत शोधा. ते बहुतेक व्यासपीठावर नसतील.

आणि तुमच्यापैकी कोणी ट्रेडिंग, गेमिंग किंवा बेटिंगमध्ये इतकं अडकलं असेल की थांबवताच येत नाही, तर ते लपवू नका. प्रार्थना करा, घरच्यांना सांगा, आणि समुपदेशकाची मदतही घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मदत मागणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. पडलेला तट बघून नहेम्यानेही आधी रडून उपवास-प्रार्थना केली आणि मग राजाकडे लाकूड मागितलं. ५२ दिवसांत तट पूर्ण झाला, पण एकट्याने नाही. अनेक जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधत होते.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू मला बोललास आणि मी तुझ्या माणसांना हसलो, याची क्षमा कर. मला चूक दाखवणारे लोक दे आणि त्यांचं ऐकून घेणारं मन दे. जे पाडायला हवं ते पाडायचं धैर्य दे. तुझ्या कृपेने मला रोज वळण लाव. आणि जो कोणी आज रात्री एकटा आकडे लपवून बसला आहे, त्याला एक दार ठोठावायची हिंमत दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्या १३ तारीख, तेरावा अध्याय. अकराव्या वचनापाशी जरा जास्त वेळ थांबा. तिथे झटपट आलेल्या धनाबद्दल काय म्हटलंय ते वाचा. मी तर थांबणारच आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.